कोरे दगड

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे आणि त्याला कारण बाबांचे कान. इथे आखातात, मआमीरच्या बाजूला दगड कापायचा एक कारखाना होता, तिथे ते सुपरवायझर होते. दिवसभर करवतीच्या पात्याखाली संगमरवर किंचाळत असायचा. संध्याकाळी गुदैबियातल्या आमच्या दोन खोल्यांत शिरल्यावर बाबा नुसतं "चहा टाका" म्हणाले तरी खालच्या मलबारी दुकानदाराला कळायचं की वर चहा होणार आहे. त्यांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, बुटाच्या नाड्या, सगळ्यांवर पांढरी धूळ बसलेली असायची. दारातच टॉवेल घेऊन आत्या उभी असायची आणि आधी अंघोळ केल्याशिवाय त्यांना खुर्चीला हात लावू द्यायची नाही. खिडकीतला एसी खडखडायचा, शेजारच्या मशिदीतली अजान सुरू व्हायची, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी मारायचा आणि या सगळ्यावर मात करून आम्ही एकमेकांना भाजी वाढा, पाणी द्या असं ओरडून सांगायचो. आता मी बुसैतीनला राहते, घर मोठं आहे, एसीचा आवाज येत नाही. माझी मुलगी म्हणते, "Why are you shouting, Aai?" मी ओरडत नसते. मला तेवढंच हळू बोलता येतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिला घरात सगळे आक्का म्हणायचे, मी एकटी आत्या. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत आणि आत्याचे यजमानही तसेच हवालदार. सरहद्दीवरच्या कुठल्याशा डोंगरावर ते गेले. दहन तिथेच झालं, आत्यापर्यंत आला तो राखेचा एक डबा आणि त्यांचा पट्टा. तिकडे डोंगरावर एका दगडावर त्यांचं नाव कोरलंय, असं त्यांच्या पलटणीतला एक माणूस घरी येऊन सांगून गेला होता. तो दगड आत्यानं कधी पाहिला नव्हता. मूलबाळ नाही, सासरी दीरांनी लवकरच हात झटकले, तेव्हा बाबांनी बराच खटाटोप करून तिचा व्हिसा काढला आणि तिला इकडे आणलं. ही बाबांची माणुसकी असं मी लहानपणी समजत होते. खरं म्हणजे आईला एका ऑफिसात अकाउंटंटची नोकरी लागली होती आणि घरात दोन पोरं होती. हे कुणी तोंडानं बोललं नाही, पण पहाटे पाचला उठून डबे भरायचे कुणी, हे पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं. माझ्या वेण्या घालायची ती, माझ्या धाकट्या भावाला ताप आला की उशाशी बसायची ती. कोपऱ्यावरच्या खुब्जच्या, म्हणजे इकडच्या रोटीच्या, भट्टीवर रांगेत उभी राहायची तीही तीच. भट्टीवाल्या इराणी म्हाताऱ्याशी ती अस्सल सातारी बोलायची आणि तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा, आणि तिला कधी शिळं खुब्ज मिळालं नाही.

तर कारखान्याला एक मोठं काम मिळालं. कुठल्या देशाचं, ते मी लिहिणार नाही. त्या देशाचं नाव काढलं की आता माणसं जेवणाच्या टेबलावर भांडतात आणि माझं म्हणणं त्या भांडणाबद्दल नाही. बाबांनी घरी एवढंच सांगितलं की बाहेरचं सरकारी काम आहे, डोंगरावर मोठं स्मारक बांधतायत. त्यांनी एक फोटोही आणला होता. उंच डोंगर, खाली पाइनची झाडं आणि उतारावर शेताला घालतात तसे बांध घालून सपाट केलेले पट्टे, एकावर एक, पार शेंड्यापर्यंत. "हा अख्खा डोंगर आपल्या मार्बलनं भरणार," बाबा म्हणाले. आयुष्यभर सपाट वाळूत राहिलेल्या आम्हा पोरांना डोंगराचंच अप्रूप. आईनं फोटो पाहिला आणि छान आहे म्हणाली. ओव्हरटाइम सुरू झाला, घरात नवा फ्रीज आला, मग जुनी टोयोटा आली. आम्ही सुट्टीला झल्लाकच्या किनाऱ्यावर जायला लागलो. आत्या तिथे वाळूत पाय पसरून गुळपापडी वाटायची. काम संपायचं नाव नव्हतं. सहा महिन्यांत होईल म्हणाले होते ते दोन वर्षं चाललं, वाढतच गेलं. तिकडे लढाई चालू होती आणि ती रोज टीव्हीवर दिसायची, पण आमच्या घरात टीव्ही आणि फ्रीज यांचा एकमेकांशी संबंध कुणी जोडला नाही.

आईचं मन मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलेलं होतं. मनामातल्या मराठी बायकांचा एक गट होता, बहुतेक मुंबई-पुण्याच्या, कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा मोठा इंजिनिअर. त्यांत आईला फक्त सतरंज्या घालण्यापुरतं बोलावत. आईला त्यांच्या बरोबरीनं बसायचं होतं. त्याचा एकच राजमार्ग होता, तो म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू. आणि हळदीकुंकवात सगळं वाणावर. एकीनं स्टीलच्या वाट्या दिल्या की दुसरी काचेचे बाउल द्यायची, तिसरी दुबईहून काहीतरी मागवायची. आपल्याकडं वाण म्हणून लुटलेली वस्तू सवाष्णीनं सवाष्णीला दिलेली असते, तिचं सौभाग्य तिच्याबरोबर जातं, असं मानतात. मी हे कुचेष्टेनं लिहीत नाही. आई ते खरोखर मानायची. त्या वर्षी हळदीकुंकू आमच्याकडं करायचं ठरलं तेव्हा तिनं बाबांना विचारलं, "तुमच्याकडं काही निघेल का हो? असं, कुणी दिलं नसेल असं?"

बाबांच्या कारखान्यात तिकडच्या सरकारचा एक तपासनीस येऊन बसलेला असायचा. ज्या दगडात करडी शीर दिसली किंवा कोपऱ्याचा टवका उडाला, त्यावर तो लाल खडूनं फुली मारायचा. असे फुलीचे दगड मागच्या अंगणात पडून असत, कामावरची माणसं लागतील तसे घेऊन जात. बाबांनी एका राजस्थानी कारागिराकडून त्यांतले गोल काढून घेतले, खाली तीन तीन पाय चिकटवले आणि तिळगुळाच्या आधी चार दिवस गाडीच्या डिकीतून संगमरवरी पोळपाट घरात आले. काय दिसत होते! दुधासारखे पांढरे, हात फिरवला तर सरकन घसरावा असे. आत्यानं एकावर लगेच पोळी लाटून पाहिली. "गार लागतंय हाताला. कणीक चिकटत न्हाई," ती म्हणाली. "विमल, बायका खुळ्या व्हत्याल बघ." आई त्या दिवशी इतकी खुश होती की तिनं आत्याला मिठी मारली. ती त्यांची पहिली आणि शेवटची मिठी मी पाहिली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी बायका आल्या. आत्यानं दोन दिवस खपून गुळपोळ्या केल्या होत्या, मटारची उसळ, मसालेभात, तिळाच्या वड्या. सगळं करून ती स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसली, दरवर्षी बसायची तशी. तिला बाहेर यायला कुणी मनाई केली नव्हती. करावीच लागत नव्हती. बशा भरून ती दाराच्या फटीतून माझ्या हातात द्यायची आणि मी बाहेर नेऊन ठेवायची. बायका बोटं चाटून विचारायच्या, "विमलताई, गुळपोळी कुणाच्या हातची हो?" आई म्हणायची, "आमच्या आक्कांच्या." त्या म्हणायच्या, "वा!" तिच्या हातची गुळपोळी चालायची, तिच्या हातचं कुंकू नाही. मी तेव्हा पंधरा-सोळाची होते आणि मला हे ढळढळीत दिसत होतं. मग वय झालेल्या, शिकलेल्या, बँकेत सह्या करणाऱ्या बायकांना का दिसू नये? हा प्रश्न मी आजही सोडलेला नाही.

पोळपाट वाटले गेले तेव्हा एकच गलका झाला. प्रत्येकीनं उलटासुलटा करून पाहिला. आईचा चेहरा असा फुललेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. कर्णिकबाई म्हणून होत्या, त्यांचे यजमान जहाजावर माल चढवायच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी पोळपाट हातात तोलला आणि सहज, अगदी सहज म्हणाल्या, "हे तुमच्या मिस्टरांच्या फॅक्टरीतलं ना? म्हणजे त्या मिलिटरी कबरस्तानाचं मार्बल. आमच्या ह्यांच्याकडूनच कंटेनर जातात ना तिकडे."

"कबरस्तान?" आई म्हणाली.

"अहो, तो डोंगर नाही का? सोल्जर लोकांना पुरतात तिथे. प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड. तुम्हाला माहीत नाही?"

आई हसत होती. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि तिला ते काढून टाकता येईना. कुणीतरी हातातला पोळपाट हळूच सतरंजीवर ठेवला. मग दुसरीनं ठेवला. पाटणकरबाई या सगळ्यांत वडील, त्या म्हणाल्या, "अगं बाई, संक्रांतीच्या दिवशी सवाष्णींना मढ्याचा दगड दिलात?" बायका उठल्या. कुणाला मुलं शाळेतून यायची होती, कुणाला गाडी खाली थांबली आहे असं आठवलं. एकीनं सांगितलं की तिच्या मनगटाला वजन उचलायची बंदी आहे. ज्यांना तोंडावर परत करायला जड गेलं त्यांनी जाताना दाराशी चपलांच्या मांडणीवर ठेवून दिले. एक पोळपाट गेला होता, तोही संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून त्या बाईंच्या यजमानांबरोबर परत आला. गंमत अशी की कर्णिकबाईंच्या स्वयंपाकघरातला ओटा आमच्याच कारखान्यातून गेलेला होता, त्याच खाणीच्या दगडाचा. त्यावर त्या पुढं आयुष्यभर कणीक मळत राहिल्या.

सगळं पांगल्यावर आत्या बाहेर आली. खाली बसून तिनं पोळपाट एकावर एक रचले, एक मात्र उचलून स्वयंपाकघरात नेला.

"आक्का, तो घरात नको," आई म्हणाली.

"का गं? माझं काय वाईट व्हायचं राह्यलंय?" आत्या म्हणाली. "त्यास्नी इटाळ व्हत असंल. मला न्हाई व्हायचा. मला कुणी वाण देत न्हाई, आज आपलं आपण घेतलं." आणि रात्रीच्या पोळ्या तिनं त्याच्यावर लाटल्या. आई जेवली नाही. बाबा जेवले, भरपूर जेवले. "दगडाला काय कळतंय कुठं बसायचं ते? दगड तो दगड," ते ओरडून म्हणाले. मग आईनं त्यांना विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?" त्यावर ते मोठ्यानं बोलायचे थांबले. 

पुढचे दोन-तीन आठवडे कुणी फोन केला नाही. आई ऑफिसातून यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मग एका दुपारी पाटणकरबाई आल्या, मिटवायला. खालच्या आवाजात, समजुतीनं बोलत होत्या. विमलताईंचा काही दोष नाही, म्हणाल्या. घरात पांढऱ्या कपाळाची बाई वावरते, सणाचं सगळं तिच्या हातचं, तेव्हा असलं अशुभ आपोआपच सुचतं. तुम्ही सरळ आहात म्हणून तुम्हाला कळलं नाही. पुढच्या वर्षी हळदीकुंकू आमच्याकडं आहे, तुम्ही या, पण त्याआधी तेवढं बघा. आत्या आत चहा करत होती. तिच्या चहाचा कप पाटणकरबाईंनी संपवला आणि मग त्या गेल्या. ही बाई माझ्या मनात इतकी वर्षं जिवंत आहे की तिचं पाप फिटेल असं मला वाटत नाही, आणि फिटावं अशी माझी इच्छाही नाही. पुढं बाबा गेले. आईचं कपाळ पांढरं झालं, तेव्हा त्या गटातली एकसुद्धा संक्रांतीला तिच्या दारात आली नाही. आई माझ्याजवळ रडली. मी तिला पाणी दिलं, पण समजूत घातली नाही.

पाटणकरबाईंच्या त्या भेटीनंतर आई आणि बाबा दार लावून बोलायला लागले. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मला निम्मं कळायचं. आई म्हणायची, मला या परक्या मुलखात माणसं हवीत. बाबा म्हणायचे, गावाकडं तिला कोण विचारणार? आई म्हणायची, त्यांची पेन्शन आहे, गावचं आपलं घर आहे. बाबा आधी नाही म्हणायचे, मग काहीच म्हणेनासे झाले. आत्याला काही माहीत नव्हतं. म्हणजे तिला काही सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी बाबा म्हणाले, "आक्का, ते पोळपाट कारखान्यात नेऊन टाकू. येतेस? तुला कारखाना दाखवतो." आत्याला आजवर कधी कुणी काही दाखवलेलं नव्हतं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. मला बाबांनी बरोबर घेतलं ते आत्याबरोबर एकट्यानं बसायची त्यांची छाती नव्हती म्हणून. रस्त्याला रिफायनरीचा वास यायला लागला तसं आत्यानं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "सदा, ह्या वासात तू दिस काढतुस व्हय रे?" बाबांनी रेडिओ लावला.

सुट्टी असल्यामुळे करवती बंद होत्या. बाबांना ओरडायची गरज नव्हती, तरी ते ओरडतच होते, हे यार्ड, ही क्रेन, हे पॉलिश. पोळपाट त्यांनी मागच्या ढिगाऱ्यावर टाकले, त्यांतले काही फुटले. आत्या पुढच्या शेडपाशी थांबली होती. शेडमध्ये लाकडी पाटांवर तयार दगड उभे करून ठेवलेले होते, सगळे एका उंचीचे, वरून अर्धगोल, ओळीनं, पार दुसऱ्या टोकापर्यंत. पाठवायला तयार असल्यामुळे त्यांच्यावर धूळसुद्धा नव्हती. आत्यानं एकाच्या तोंडावरून हात फिरवला.

"ह्याच्यावर नाव कुठंय?"

"नावं तिकडं घालतात, आक्का. आपण कोरेच पाठवतो."

"मग ह्यो कुणाचा?"

"अजून कुणाचा नाही."

आत्या पुढच्या दगडापाशी गेली, मग त्याच्या पुढच्या. "ह्यो?"

"हे सगळे पुढच्या वर्षाचे. ते आधी मागवून ठेवतात. लागले की कमी पडायला नकोत."

आत्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं दगडावरचा हात काढून घेतला, चटका बसल्यावर काढतात तसा.

"म्हंजी ती पोरं अजून जित्ती हायती?"

बाबांनी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"आत्ता जेवत असत्याल कुठंतरी," आत्या म्हणाली. "आणि हितं तयार करून ठिवल्याती." ती शेडच्या टोकापर्यंत बघत राहिली. मग वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सदा, ह्यांचा पण असाच आधी कापून ठिवला आसंल का रं? मी घरात भाकऱ्या थापत व्हते तवा?"

"आपल्याकडं तसं नसतं," बाबा म्हणाले. "चल, यल्ला, ऊन व्हायला लागलंय." आणि मग, गाडीकडं चालता चालता, तिच्याकडं न बघता, त्यांनी तिला सांगून टाकलं. विमलचं असं म्हणणं आहे. पोरं आता मोठी झालीत. गावचं घर बंद आहे, वाळवी लागेल. थोडे दिवस जाऊन ये, मग इंशाल्ला बघू. शेवटी त्यांनी ओरडून विचारलं, "काय म्हणतेस?"

आत्या थांबली. "तिकीट कवाचं हाय?"

आता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा म्हणू शकले असते की तिकीट कसलं, अजून कशात काही नाही. त्यांना खोटं चांगलं बोलता यायचं, दोन वर्षं बोललेच होते.

"बुधवारचं," ते म्हणाले.

"काढून ठिवलंयस."

"हो."

"मला इचारायच्या आधी."

बाबांनी गाडीचं दार उघडून धरलं. आत्या आत बसली, पदर सारखा केला आणि शेडकडं बोट करून म्हणाली, "मग ते तिकडचं लोक काय वाईट करत्यात?"  बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा तिची ट्रंक नव्हती. मला रडू येईल म्हणून विमानतळावर नेलं नाही, असं आईनं सांगितलं. गावी ती आणखी चार वर्षं जगली. तिच्या शेवटच्या दिवसांत बाबा जायला निघाले, तोवर ती गेली होती. गावातल्या लोकांनी बाबांच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात धुतलेलं पांढरं लुगडं होतं, वर घालायला तुळशीची माळ आणि सरणाला लागणारं तूप. सगळं तिनं स्वतः बांधून ठेवलं होतं. कुणाकडून मागायची वेळ येऊ नये म्हणून, असं शेजारणीनं सांगितलं. बाबा परत आल्यावर ते सांगताना रडले, मोठ्यानं, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. मी उठून दार लावून घेतलं.